दोन गाथोनी

१९५४ साली, नवं गाव वसलं त्या सुमारास गाथोनीला प्रेतं पुरायच्या कामाला लावलं. वसलं आपलं म्हणायचं. गोऱ्या साहेबाने आफ्रिकेतल्या या डोंगरावरची सुटी सुटी घरं पेटवून दिली, सगळ्यांना न्येरीजवळच्या एका डोंगरसोंडेवर आणलं आणि ओळीने झोपड्या बांधायला लावल्या. जंगलात लढणाऱ्या पोरांना कुणी रताळी पोचवू नयेत, म्हणून भोवती खंदक. तो बायकांनीच खणला. पुरुष एकतर जंगलात होते नाहीतर काटेरी तारांमागे कैदेत. गाथोनीचा मुलगा गितू तारांमागे होता.

खणण्याचं तिला काही नव्हतं, जन्मभर तेच केलेलं. पण गिकुयू जमातीचा माणूस प्रेताला हात लावत नाही. कुणाचा जीव जाईलसं दिसलं की त्याला उचलून बाहेर न्यायचं. घरातच गेला तर ते घर सोडायचं. आणि इथे साहेबाचे गार्ड सकाळी येऊन बोट दाखवत, "तू, तू आणि ती म्हातारी." जंगलाच्या कडेला गोळी लागून पडलेली पोरं ओढत आणायची, खड्ड्यात लोटायची, माती टाकायची. पहिल्या दिवशी गाथोनीला ओकारी आली. पुढे तीही येईना. रडू नाही, भूक नाही. समोर आलेली आंबील ती पिऊन टाकी, नासली असली तरी तिला कळत नसे.

हा विटाळ काढायचा तर वैदू लागतो आणि मेंढा लागतो. मेंढ्याच्या पोटातला हिरवा चोथा चाटवून वैदू थुंकायला लावतो, तेव्हा माणूस सुटतं. वैदू तारांमागे आणि मेंढे गार्डांच्या पोटात, तेव्हा सुटणार कशी?

अशात तिची सून न्याकिओ बाळंत झाली. मुलगी. मुलाची पहिली मुलगी, म्हणजे नाव आजीचंच. त्यात कुणाला विचारायचं नसतं. गाथोनीच पुन्हा जन्मली असं लोक धरतात आणि पोरीला त्याच मानाने हाक मारतात. न्याकिओही पोरीला दटावी, "सासूबाई, पुरे आता, किती प्याल?" बायका हसत. खरी सासू दाराशी बसलेली असे, हात काखेत घालून.

"आई, एकदा तरी घ्या हो तिला. तुमचंच नाव आहे."

"नाव घेतलंय ना तिने? मग झालं. हात नकोत माझे."

"साबणाने धुवा, प्रार्थना म्हणा, संपलं," शेजारीण वाइथिरा म्हणे. ती मिशनमध्ये जाऊन आलेली. "आमचे पाद्री तेच सांगतात."

"तुझ्या पाद्र्याला सांग खड्ड्यावर यायला. मग धुऊ दोघं मिळून."

दर आठवड्याला सरकारी गाडी यायची, टपावर भोंगा. सगळ्यांनी उन्हात बसून जगाच्या बातम्या ऐकायच्या. कुठेतरी आशियात फ्रेंच हरले आणि तह झाला, हे भोंग्याने घाईघाईने उरकलं. एका गार हवेच्या देशात दोन गोरे शर्यतीत धावले, ते मात्र सविस्तर. पुढच्याने मागे वळून पाहिलं आणि तेवढ्यात दुसऱ्याने त्याला गाठलं.

"मागे कोण होतं? गार्ड?" वाइथिराने विचारलं.

"गार्ड असता तर वळला असता का मेला!" दुसरी एक म्हणाली.

बायका खुदखुदल्या. गाथोनी जिथे बघत होती तिथेच बघत राहिली.

नोव्हेंबरात एका बाईच्या पाठीवरच्या झोळीत, पोराच्या बुडाखाली, रताळी सापडली. झालं, फाटकाबाहेर पोर न्यायचं नाही असा हुकूम निघाला. दुसऱ्याच सकाळी न्याकिओ आणि वाइथिरा दोघींना छपराचं गवत कापायला काढलं. गाथोनीला त्या दिवशी बोट दाखवलेलं नव्हतं. पोर ठेवायची कुणाकडे?

"हातात देत नाही, आई. पाठीवर बांधते."

"हे बरं," वाइथिरा म्हणाली. "प्रेतं काय पाठीने पुरलीस?"

गाथोनीला नुसतं 'नाही पुरली' म्हणता आलं असतं.

"एकाला पाठीवर आणला होता," ती म्हणाली. "चढ होता. बरोबरच्या बाईला धाप लागली."

"कोण होता?" न्याकिओने विचारलं.

"तोंड राहिलं नव्हतं."

फाटकावरून गार्ड ओरडला, "ए, महाराण्यांनो! वाजंत्री धाडू का?" न्याकिओने खांद्यावरचं फडकं ओढलं, घडी घालून सासूच्या उघड्या पाठीवर ठेवलं, त्यावर पोर ठेवली आणि झोळीच्या गाठी करकचून आवळल्या. "मधे माझं कापड आहे," म्हणाली आणि पळत सुटली.

दुपारी गाडी आली. आफ्रिकेच्या पार उत्तरेला काही गुंडांनी फ्रेंच सरकारवर हल्ले केले आहेत, असं भोंगा सांगू लागला. म्हाताऱ्यांत कुजबुज झाली.

"तेच फ्रेंच? हरलेले?"

"तेच बहुतेक."

"तिथे पुरायला कुणाला नेतात, ते सांगितलं का?" गाथोनीने विचारलं. 

पोर जागी झाली आणि पाय झाडू लागली. गाठी सैलावल्या. हात मागे नेऊन सावरायचं, एवढंच. गाथोनीने हात गुडघ्यांवर रोवले आणि ती कमरेतून पार वाकली. पोर पाठीवर सपाट पडून राहिली. गाडी गेली, माणसं उठली. गाथोनी तशीच, गवताचा भारा वाहणाऱ्या बाईसारखी, पण जागच्या जागी. ऊन उतरलं. पोर रडली, मुतली, झोपली.

न्याकिओ गवत टाकून धावत आली तेव्हा घडीचं फडकं गाथोनीच्या पायाशी मातीत पडलेलं होतं. केव्हा घसरलं कोण जाणे. पोरीचा गाल उघड्या पाठीला चिकटला होता.

दोघींनी फडक्याकडे पाहिलं. गाथोनीला सरळ होता येईना. न्याकिओने पोर सोडवली, छातीला लावली, ती चुटूचुटू पिते का ते पाहिलं. मग खाली वाकून फडकं उचललं आणि झटकलं.

"उद्याही गवतच आहे," ती म्हणाली. "उद्या घट्ट बांधते."

"बांध," गाथोनी म्हणाली.