ओट्यावर चालतं, फाट्यावर न्हाई

माझी सून दीपमाला वाटूरच्या शाळेत शिकवते. मी स्वतः चौथी पास. आमच्या शाळेत चार वर्गांना मिळून एक मास्तर, आणि त्यांची म्हैस सुटली की शाळाही सुटायची. म्हशीची गोष्ट लांबते, सोडतो.

तर या सुनेनं गावातल्या एकेचाळीस म्हाताऱ्यांचे आवाज फोनमध्ये भरून घेतले. कोणी जन्माची कहाणी सांगितली, कोणी नवऱ्याला नुसत्याच शिव्या दिल्या. भागाबाईनं मात्र अट घातली. तिच्या जिवंतपणीच दोन्ही लेकांनी चांदीच्या कड्यांवरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. म्हणाली, "माय, आवाजाची तरी वाटणी नको. कोणालाच नक्कल देऊ नको. तुझ्या घरातच ठिव. ज्याला माझी याद यील त्यो यून ऐकल."

दीपमालानं शब्द दिला. एक जुना कॉम्प्युटर कपाटाशेजारी सदा चालू ठेवला, त्यात सगळे आवाज घातले आणि बाहेरच्यांसाठी इंटरनेटवर एक पान केलं. आवाज घरात, ऐकणारा कुठंही. मला तर नाचावंसं वाटलं!

पुढं भागाबाई गेली. वर्षानं तिच्या आठवणीच्या पुण्यानुमोदनाला धाकट्या वसंतानं अंकुशनगरला सगळे नातलग बोलावले. थोरला संपत सहा वर्षांनी भावाच्या दारात यायला तयार झाला, तो फक्त आईचा आवाज ऐकायला. आणि आठ दिवस आधी वसंताचा फोन, "ताई, पान उघडून न्हाई राह्यलं. दादाला काय सांगू?"

आमच्या ओट्यावर तर फटकन उघडत होतं! शेजारच्या संघपालनं उघडलं, समोरच्या नंदाबाईनं उघडलं. सगळ्यांचा एकच निकाल, "बराबर चालतंय. वसंताचा फोनच डबडा." दीपमालानं राऊटरमधलं पोर्ट, म्हणजे बाहेरच्याला आत घ्यायचं दार, तीनदा तपासलं. दार उघडंच होतं.

नेटच्या कंपनीचा माणूस, भारत, आला. पलंगावर बसला, चहा घेतला, आमचा पासवर्ड मागून आपल्या फोनवर पान उघडलं. "चालू आहे की, मॅडम! उगीच कंप्लेंट करून राह्यल्या." तक्रार बंद करून गडी गेलाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दीपमाला ओट्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, या गल्लीत आपल्या वायफायच्या बाहेर माणूसच न्हाई."

खरं होतं. आमच्या घरी जसं पाण्याला कोणाला नाही म्हणत नाहीत, तसं पासवर्डलाही. ज्यानं ज्यानं तपासलं तो आमच्या घरातूनच आमचं घर गाठत होता, आणि भारतही!

तिनं मला स्कुटीवर बसवून फाट्यावर नेलं. वायफाय बंद, माझ्या सिमचं नेट चालू. पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

घरी येऊन तिनं दोन आकडे वहीत लिहिले. राऊटरला कंपनीनं दिलेला पत्ता एक, बाहेरच्या जगाला दिसणारा दुसराच. म्हणजे कंपनीनं पुष्कळ घरं एकाच पत्त्यामागं कोंबली होती. पाहुणा कंपनीच्या वेशीपर्यंत येणार, पुढं घर कोणतं ते कंपनी सांगणारच नाही. मग आमचं दार सताड उघडं ठेवून उपयोग काय?

भारतला फोन लावला. तो म्हणतो, "मॅडम, खेड्यात कोणाला लागतं हे? पिक्चर दिसतो ना? बस झालं."

बस झालं? खेड्यातल्या माणसानं जगाचं ऐकतच राहायचं, त्याचं ऐकायला मात्र कोणी यायचं नाही, हा कायदा कोणी केला? मी फोन हिसकावणार होतो. सून थंडपणे म्हणाली, "भारतभाऊ, तुमी माझ्या घरात बसून माझं दार वाजवलं. आता परतूरच्या रोडवर उभं राहून वाजवा. तोवर तक्रार बंद न्हाई."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती कंपनीच्या जालन्याच्या हापिसात जाऊन बसली, वही उघडी ठेवून. साहेब म्हणाले, उद्या या. ही म्हणाली, बसते. दुपारचे चार वाजले तेव्हा आमच्या घराला स्वतःचा पत्ता मिळाला. एवढ्याशा कामाला एवढा हट्ट करावा लागतो, याचा राग मला आजही आहे.

रविवारी तिकडं वसंताच्या घरी बुद्धवंदना झाली. इकडं कॉम्प्युटरवर दिसलं, कोणीतरी भागाबाईचा आवाज लावलाय. तेरा मिनिटांचा आहे तो. संपला. परत सुरू झाला. मग वसंताचा फोन आला.

"ताई, दादा ईच्यारून राह्यला, किती डाव ऐकता येतं?"

"कितीबी," दीपमाला म्हणाली. "त्याला म्हणावं, बस निवांत."