जोडवी वाजली तो शुक्रवार

मी आयुष्यात कधी कुठल्या क्लबात गेले नव्हते. गेले ते थेट जमिनीतलं लोखंड शोधणाऱ्या लोकांच्या क्लबात, तेही मस्कतमध्ये, आणि तेही नवरा जाऊन दहा महिने झाले असताना. गावी कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मस्कतच्या कुरुम भागातल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये मी लॅब टेक्निशियन होते. तिथली दातांची डॉक्टर इंग्लिश होती, साठीची आणि महाहट्टी. शुक्रवारी सुट्टी असली की ती आणि तिच्यासारखे दहा-बारा गोरे लोक हातात लांब दांड्याची मशीनं घेऊन कुणाच्या तरी शेतात जायचे. दांड्याच्या टोकाला थाळी असते, ती जमिनीवरून फिरवायची. खाली धातू असला की मशीन किंचाळतं, मग खुरप्यानं खणायचं. मिळतं काय तर खिळे नि पेप्सीच्या डब्यांची झाकणं. दर सोमवारी ती मला विचारायची, येतेस का, आणि मी दर सोमवारी नाही म्हणायचे. एका सोमवारी विचारलंच नाही तिनं, नुसतं सांगितलं की शुक्रवारी सात वाजता खाली उभी राहा. मला नाही म्हणायला कारण सापडेना. शुक्रवारी मी करत तरी काय होते? पलंगावर पडून एसीचा आवाज ऐकत होते.

नवऱ्याचे दोन मराठी मित्र होते मस्कतला. पहिला महिना त्यांच्या घरून डबे आले, मग नुसते फोन, मग तेही बंद. त्यांना दोष देत नाही मी. एकटी बाई घरी बोलवायची म्हणजे लोकांना अवघडल्यासारखं होतं. तिच्यासमोर हसायचं की नाही तेही कळत नाही. तर माझं मराठी तेव्हा रविवारी गावी फोन लागेल तेवढंच उरलं होतं. फोनवर सासूबाई. त्या शेवटी एकच विचारायच्या, "निघाली का गं ती?"

ती म्हणजे जोडवी. नवरा वाळवंटातल्या ड्रिलिंगच्या साइटवर असायचा, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तिथेच छातीत दुखलं आणि तिथेच संपलं. त्याला गावी नेलं. बायकांनी माझं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, पण प्रवासानं आणि रडण्यानं माझे पाय असे सुजले होते की जोडवी बोटांतून हलेनात. तेल लावून बघितलं, साबण लावून बघितला. शेवटी कुणीतरी म्हणालं, राहू दे, नंतर काढेल. मी तेरावं झाल्यावर परत आले. नोकरी होती, व्हिसा माझ्या नावावर होता, आणि खरं सांगते, त्या घरात बसवत नव्हतं.

सूज आठवड्यात उतरली. जोडवी आंघोळीच्या वेळी साबणाने आपोआप सरकायची, मीच परत वर ढकलायचे. सासूबाईंना मात्र दर रविवारी सांगायचे, "नाही हो निघत." मे महिन्यात वर्षश्राद्धाला जायचं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सोनाराकडून कापून घे, पण तशीच येऊ नकोस, लोक बघतात. म्हणजे माझ्याकडे दोन महिने होते.

तर तो शुक्रवार. आम्ही मिनीबसने बरका गावाच्या अलीकडच्या एका मळ्यात उतरलो. खजुराची झाडं, लिंबाच्या रांगा, मध्ये हिरवागार लसूणघास. मालक ओमानी होता, तो येऊन सगळ्यांशी हात मिळवून निघून गेला. डॉक्टरणीने हुकूम सोडला की घड्याळं, चेन, अंगठ्या सगळं काढा, मशीन गोंधळतं. सगळ्यांनी काढलं. माझ्याकडे काढण्यासारखं काही नव्हतं. पायांकडे माझं लक्षच गेलं नाही.

लिंबाच्या दुसऱ्या रांगेत मशीन वाजलं. मी बसले, वीतभर खणलं. काही नाही. दोन पावलं पुढे गेले, पुन्हा वाजलं, पुन्हा खणलं, पुन्हा काही नाही. पलीकडे एका म्हाताऱ्या साहेबाला तोवर बंदुकीची जुनी पुंगळी सापडून त्याचं कौतुकही झालं होतं. माझं आपलं उंदरासारखं भोकं पाडणं चालू. चौथ्या खड्ड्यावर मागून कुणीतरी म्हणालं,

"वैनी, जोडवी वाजतायत तुमची."

मी वळून पाहिलं. लुंगी, बनियन, डोक्याला फडका, हातात फावडं, पन्नाशी उलटलेला माणूस. मळ्याचा राखणदार. रत्नागिरीकडचा, वीस वर्षं इथे, हे त्याने पुढच्या दोन मिनिटांत सांगितलं. मी ते अर्धवटच ऐकलं. माझ्या कानात वैनी एवढंच राहिलं होतं. मित्रांचे फोन थांबल्यापासून मला कुणी वैनी म्हटलं नव्हतं. मॅडम म्हणत, सिस्टर म्हणत, क्लिनिकमधला मल्याळी पोरगा त्याच्या भाषेत चेची, म्हणजे ताई म्हणे.

"साहेब नाही आले?" त्याने विचारलं. माझा गळा रिकामा होता, पण तो तर सगळ्यांचाच रिकामा होता त्या दिवशी.

"गेले ते," मी म्हटलं.

"साइटवर?"

आता इथे मी थांबायला हवं होतं. दहा महिन्यांत ही गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली होती. बँकेत इंग्रजीतून 'एक्स्पायर्ड' म्हटलं, औषधाच्या बाटलीला म्हणतात तसं. घरमालकाच्या माणसाला हिंदीतून सांगितलं. मराठीतून सांगायची वेळ पहिल्यांदाच आली आणि मराठीने दगा दिला. गेले म्हणजे कुठेही गेले.

"हो, साइटवर," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

"वाळवंटात लई हाल," तो म्हणाला आणि निघून गेला पाणी सोडायला.

मी मशीन खाली ठेवलं, बांधावर बसले आणि जोडवी काढली. सुळकन निघाली, लोण्यातून निघावीत तशी. रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून कुर्त्याच्या खिशात टाकली. बोटांना गोल पांढरा वण राहिला होता. मशीन एकदम शहाणं झालं. पुढच्या तासाभरात मला तीन खिळे, पंपाचा एक वॉशर आणि पितळेची किल्ली मिळाली. तेही सगळं त्याच खिशात. माझा मूर्खपणा तो हाच.

दुपारी गोरी मंडळी घडीच्या खुर्च्यांवर सँडविच खात बसली. राखणदाराने मला खोलीच्या पडवीत बोलावलं. भात आणि बांगड्याचं कालवण, कोकम घालून. पहिल्या घासालाच माझे डोळे भरून आले. तो म्हणाला, तिखट लागलं काय. मी म्हटलं, हो भाई, तिखट आहे.

तो बोलत होता आणि मी जेवत होते. त्याची बायको गावी, दोन वर्षांनी एकदा भेट. "तुमचं बरं आहे वैनी. साहेब पंधरा दिवसांनी तरी घरी येतात."

"हो, ते आहे," मी म्हटलं.

"काय आवडतं साहेबांना?"

"बांगडा," मी म्हणाले. "सुका, भाजलेला. मला वास सहन होत नाही, म्हणून गॅलरीत जाऊन भाजतात. शेजारी ओरडतात."

हे सगळं खरं होतं, फक्त एक वर्ष जुनं. आणि मग मला थांबताच येईना. ते घोरतात, मी सांगितलं. चहात साखर तीन चमचे. साइटवरून आले की दोन दिवस बोलत नाहीत, तिसऱ्या दिवशी तोंड बंद होत नाही. भाई हसत होता, मीही हसत होते. इतकं बरं मला त्या घरात, त्या देशात, कुठेच वाटलं नव्हतं. निघताना त्याने दोन पिशव्या भरून ठेवल्या. एकीत लिंबं, दुसरीत सुका बांगडा. "ही साहेबांची. साइटवर काय मिळतं खायला."

चार वाजता डॉक्टरीण "यल्ला, यल्ला" करत सगळ्यांना बसकडे हाकू लागली. मी जोडवी घालायला रुमाल काढला. गाठ सुटली होती. खिसा उलटा केला. खिळे, वॉशर, किल्ली आणि एकच जोडवं.

मी लिंबाच्या रांगेत परत गेले आणि गुडघ्यांवर बसून हाताने माती उकरायला लागले. दिवसभरात मी पंधरा खड्डे खणले आणि बुजवले होते, त्यातल्या कुठल्याही एकात ते गेलं असेल. दहा महिने मी ते बोटात राखलं होतं, सासूबाईंशी खोटं बोलून राखलं होतं, आणि घालवलं कशापायी तर खिळ्यांपायी.

डॉक्टरीण धावत आली, मी तिला उरलेलं जोडवं दाखवलं. तिने सगळ्यांना परत बोलावलं, मशीनं चालू करायला लावली, आणि मोठ्याने, स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की हिच्या पायातली चांदीची अंगठी हरवली आहे, हिचा नवरा गेल्या वर्षी वारला, ही त्याची आठवण आहे, तेव्हा नीट शोधा. तिचा हेतू चांगलाच होता. भाई फावडं घेऊन शेजारी उभा होता. त्याने आधी दहा वर्षं एका इंग्रजाच्या घरी काम केलेलं, सकाळीच सांगितलं होतं मला. त्याला सगळं कळलं.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बारा मशीनं माझ्याभोवती किंचाळत होती, आणि मला त्या बुजवलेल्या खड्ड्यांतल्या एखाद्यात शिरावंसं वाटत होतं.

शोधलं त्यानेच, मशीनशिवाय. मी कुठे कुठे बसले होते ते दिवसभर पाणी सोडताना त्याने पाहिलं होतं. चौथ्या रांगेच्या टोकाला, पाटाच्या कडेला, माती बोटांनी चाळत तो बराच वेळ बसला. मग उठला, पंपाखाली काहीतरी धुतलं, डोक्याच्या फडक्याला पुसलं आणि माझ्यासमोर तळहात धरला.

"घ्या, ताई."

दिवसभर माझा नवरा साइटवर होता. त्या एका शब्दासरशी तो तिथेही राहिला नाही. भाईने काही वावगं म्हटलं नव्हतं, आदरानेच म्हटलं होतं. पण मला असा संताप आला, कुणाचा ते आजही सांगता येणार नाही.

"सकाळपासून वैनी म्हणत होतात ना?" मी म्हटलं.

त्याने तळहात तसाच पुढे धरून ठेवला.

"मग वैनीच म्हणा. ते गेले म्हणून मी काय तुमच्या भावाची बायको राहिले नाही?"

त्याने मान खाली घातली. "राहिलात, वैनी. कशा नाही राहणार."

मी जोडवं घेतलं. बांगड्याची पिशवी परत द्यायला लागले, तर त्याने हात मागे घेतला. भावाकडे धाडलेलं परत घेत नाहीत, म्हणाला, आणि फावडं उचलून पाट बंद करायला गेला.

बसमध्ये मी दोन्ही जोडवी घातली. तो बांगडा मी महिनाभर पुरवला. गॅलरीतच भाजला. शेजारी ओरडले.

मे महिन्यात गावी पोचले. सासूबाई दारात उभ्या होत्या, आणि त्यांची नजर आधी माझ्या पायांकडे गेली.

"अजून निघत नाहीत?"

"निघतात," मी म्हटलं. "मी काढत नाही."

त्या दारातून बाजूला झाल्या. मग माझी बॅग त्यांनी स्वतः उचलली आणि आत नेली.