रविवारच्या टेकडीसाठी जुनी सायकल

पंक्चर काढायला एकदाच गेलं तर फक्त पंक्चर निघतं. मी सलीमचाचांच्या सायकलच्या दुकानात सलग तीन आठवडे गेले, म्हणून किस्से साचले. मी तिथं फारसं बोलत नसे. त्यामुळेही काही साचले.

गुलमंडीजवळच्या या दुकानातून बाबांनी माझ्यासाठी एक जुनी सायकल स्वस्तात घेतली. आमच्या कॉलनीतला एक ग्रुप दर रविवारी डोंगरात सायकली नेतो. नव्या माणसासाठी अट एकच: पहिली टेकडी पाय न टेकवता चढायची. मला त्या ग्रुपमध्ये जायचं होतं.

*

पहिल्या दिवशी मी खोल खाचांचे जाड टायर मागितले. चाचांनी माझ्याऐवजी बाबांकडे पाहिलं.

"इसपे क्या लादना है? मक्का?"

बाबा मूळचे मक्याच्या गावचे, सिल्लोडचे. ते म्हणाले, "नाय, पोरगीच बसणारंय."

*

जाड टायर बसेनात, म्हणून मडगार्ड काढावे लागले. शाळेच्या ड्रेसवर चिखल उडेल म्हणून चाचा दिवसभर हळहळले. दुसऱ्या दिवशी गेले तर पत्रा वाकवून मडगार्ड परत बसवलेले! पुढं बास्केट लावू का, असंही त्यांनी विचारलं. मला नको होती. मी मान हलवली. त्यांनी लावली.

ती काढा म्हणायला मला चार दिवस लागले.

*

चढ सोपा जावा म्हणून चाचांनी मागच्या चाकाला जास्त दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे चेनचं मोठं चक्र टाकलं. गल्लीत चालवून पाहिली. पाय भराभर फिरत होते आणि सायकल सावकाश चालली होती. भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू चालत मला मागं टाकून गेल्या. जाताना म्हणाल्या, "चेन तुटली का गं?"

चाचा मात्र खूश होते. सपाटीवर हरते म्हणजे चढावर जिंकणार, असं त्यांचं म्हणणं.

*

रविवारी चाचा पाना घेऊन टेकडीच्या पायथ्याशी हजर. त्यांनी चाक उचलून फिरवलं. ब्रेक किंचित घासत होते. चढताना जोर वाया नको म्हणून त्यांनी दोन्ही ब्रेक पार ढिले करून टाकले. मला काहीतरी विचारायचं होतं, पण ग्रुप निघाला होता.

अर्ध्या वाटेत दोन महागड्या सायकली थांबल्या. माझं चाक एका दगडावरून घसरलं, पण पाय टेकला नाही. वर ग्रुपच्या अनघाताईंनी पाठीवर थाप मारली आणि पुढच्या रविवारी साडेपाचला यायला सांगितलं. मग सहज माझा ब्रेक दाबून पाहिला. परत दाबला. मग स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

मी चाचांना फोन लावला. "चाचा, ब्रेक लागत नाहीत. खाली कशी येऊ?"

चाचा शांतपणे म्हणाले, "तू चढनेका बोली थी बेटा. उतरनेका कब बोली?"