वरोरच्या फळ्यावर सुदान

दमयंतीताई तांडेल यांची आणि माझी ओळख तलासरीला झाली. तिथल्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. एका दुपारी त्या वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, "मला मुलांशी तासभर बोलायचंय. सुदानमधल्या युद्धावर." मी त्यांना आफ्रिकेचा नकाशा काढून दिला. तो इतका जुना होता, की त्यात सुदान अजून एकसंध देश होता. ताईंनी तक्रार केली नाही. खडू मागून घेतला आणि दक्षिणेकडे फाळणीची रेघ ओढली. ऐकायला पहिल्या दोन बाकांपुरती मुलं होती. एकाने विचारलं, "मॅडम, आपण यात काय करणार?"

"तेच मला कळत नाही," ताई म्हणाल्या, "म्हणून तर सांगायला आले."

उमेदीची वर्षं ताईंनी खार्तुमजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. निवृत्त होऊन त्या वरोरला, आपल्या समुद्रकाठच्या गावी परतल्या आणि काही वर्षांनी तिकडे सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर उलटले. लाखो माणसं घर सोडून निघाली, रुग्णालयं पडली, उपासमार सुरू झाली. आपल्या वर्तमानपत्रांत ते क्वचित, कोपऱ्यात येई. ताईंनी मग मासळीबाजाराच्या वाटेवर एक फळा लावला आणि दर आठवड्याला तिकडची बातमी लिहू लागल्या. ऐकीव मजकूर त्या लिहीत नसत. एकदा लिहिलेली बातमी खोटी निघाली, तेव्हा ती पुसून न टाकता खाली लिहिलं, 'वरचे चूक आहे.'

त्यांच्यासोबत मी अच्छाडच्या नाक्यावरही गेले आहे. ढाब्यावर ट्रक थांबतात, तिथे भिंतीवर सुदानच्या बातम्यांचे कागद चिकटवायला. एका ड्रायव्हरने चहा पितापिता विचारलं, "मौसी, ये सुदान कौन से जिले में पडता है?" मला हसू आलं. ताई त्याच्या समोरच्या बाकड्यावर बसल्या आणि चहा निवेपर्यंत त्याला समजावत राहिल्या. परतताना मी विचारलं, "याचा उपयोग होतो का?" त्या म्हणाल्या, "मला तरी दिसला नाही." असं उत्तर देणाऱ्या व्यक्तीचा गौरव कसा लिहावा, हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

माझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या पाठीच्या जखमा धुवायला ताई वरोरहून एसटीने येत. वडील कण्हले की हात थांबवून म्हणत, "दादा, घाई नाही मला." वडिलांना न दुखवता कुशीवर वळवण्याची त्यांची पद्धत त्यांना सुदानच्या रुग्णालयात आमना नावाच्या सहकारी परिचारिकेने शिकवली होती. आमनाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं.

पंचाहत्तरीच्या अमृतमहोत्सवाला आणि त्यानिमित्तच्या या गौरवग्रंथाला ताईंची तयारी नव्हती. "हार घालून घ्यायचे दिवस आहेत का हे?" म्हणाल्या. शेवटी, ग्रंथात सुदानविषयी छापू, या अटीवर त्या कबूल झाल्या. त्यांचा फोटो घ्यायला मी वरोरला गेले, तर त्यांच्या ओटीवर बायका बसलेल्या आणि दाराशी झाकलेली पातेली.

गावात मयतीचा फळा वेगळा आहे. त्यावर नाव आलं की त्या घरी चूल पेटत नाही, आळीतून भात-डाळ येते. आदल्या संध्याकाळी ताईंना एका जुन्या सहकाऱ्याचा निरोप आला होता, की रुग्णालयावर तोफगोळा पडला आणि आमना गेल्या. ताईंनी सकाळी त्या फळ्यावर आमनांचं नाव आणि खाली स्वतःचं घर लिहिलं. बायकांना वाटलं, सिस्टरच्या नात्यातलं कोणी गेलं.

"मयत कवा आणणार?" शेजारच्या हिरूबाईंनी विचारलं.

"मिळालीच नाही."

"दर्यात गेली?"

"लढाईत. तिकडे सुदानला. इतके महिने दुसऱ्या फळ्यावर लिहितेय, हिरू."

"ते व्हय? आमी समजलो, मासळीचे भाव लिवते." कोणीतरी हसलं.

हिरूबाईंचे यजमान पूर्वी दर्यावर गेले ते होडीसकट परत आले नव्हते. मयत न मिळणं म्हणजे काय, हे त्या ओटीवर समजावून सांगावं लागलं नाही. चूक कळल्यावरही कोणी पातेलं उचललं नाही. हिरूबाईंनी ताईंना वाढलं आणि विचारलं, "पोरं हायत का तिला?"

"दोन मुली. कुठे आहेत, कळत नाही."

फोटो मी काढला नाही. या ग्रंथात आहे तो जुना, ओळखपत्रावरचा आहे.

त्यानंतर हिरूबाई बाजारला जाताना दर वेळी ताईंच्या दाराशी थांबतात. डोक्यावरची टोपली न उतरवता विचारतात, "सिस्टर, पोरींचं काय कळलं?" आता आणखी दोघीतिघी विचारतात. त्यांना सैन्याची नावं ठाऊक नाहीत, नकाशा ठाऊक नाही. याला जनजागृती म्हणावं का, मला खात्री नाही. युद्ध थांबलेलं नाही. मुलींचा पत्ता नाही. ताई रोज 'नाही' म्हणतात आणि आत जातात.

ताईंची दृष्टी शाबूत राहो, खडू धरणारा हात न थरथरो. त्या दारात उभ्या राहून हिरूबाईंना एकदा तरी वेगळं उत्तर देऊ शकतील, एवढं आयुष्य त्यांना मिळो.