आवाजाचं बटण माझ्या हाताशी होतं

आमच्या घाटकोपरच्या चाळीत, आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच घरी होता, आणि त्या घरातले काका असे वागायचे की जणू टीव्हीचा शोधही त्यांनीच लावलाय. सरकत्या शटरचं लाकडी कपाट, त्याला कुलूप, वर क्रोशाचा रुमाल. रविवारी संध्याकाळी काका इस्त्रीचा झब्बा घालून शटर उघडायचे आणि अख्खा मजला त्यांच्या फरशीवर मांडी घालून बसायचा. काका स्वतः मागे खुर्चीत बसायचे.

माझी जागा ठरलेली होती. सगळ्यांच्या पुढे, टीव्हीला खेटून. ‘तू पुढे बस गं, तुझी कोणाला अडचण नाही,’ असं काकूंनी मी शाळेत असताना सांगितलं होतं, आणि मी बी.एस्सी. झाले तरी ती जागा काही सुटली नव्हती. माझी उंची चौथीतल्या मुलीएवढी आहे. हाडांची वाढ जन्मापासूनच तशी, त्याला औषध नाही, आणि मी कधी मागितलंही नाही. पुढे बसणाऱ्याने आवाजाचं बटण सांभाळायचं, हा त्या घरचा रिवाज. काका खुर्चीतून ‘वाढव’, ‘कमी कर’ असे हुकूम सोडायचे आणि मी बटण फिरवायचे.

एका रविवारी सिनेमाच्या आधी एक विनोदी कार्यक्रम लागला. सुटाबुटातला एक सूत्रधार आणि त्याच्या शेजारी माझ्यासारखाच एक ठेंगणा माणूस, चौकड्यांचं जाकीट घातलेला. त्या माणसाने तोंड उघडलं की सूत्रधार ओरडायचा, ‘ए दीडफुट्या, खुर्चीवर चढ आणि मग बोल!’ झाला विनोद. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. एवढ्याशा भांडवलावर त्या गृहस्थाने अर्धा तास काढला, आणि माझ्यामागे अख्खी खोली पोट धरून हसत होती. आधी टीव्हीकडे बघून, मग माझ्याकडे बघून. मी मागे वळले तेव्हा पलीकडच्या खोलीतल्या एक बाई तोंडाला पदर लावून शेजारणीला कोपराने ढोसत होत्या. याच बाईंनी माझ्या निकालाचा पेढा खाताना ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ म्हटलं होतं. ती म्हण ऐकली की मला आजही चीड येते. कौतुक करतानासुद्धा या लोकांना आधी माप घ्यावं लागतं.

हे रविवारवरच थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण तेव्हा आमचं घर माझ्या शिकवण्यांवर चालत होतं. संपात बाबांची गिरणी गेली होती आणि मी आमच्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवत होते. फळा मी माझ्या उंचीला टांगून घेतला होता. मुलं खाली बसायची, त्यामुळे त्यांनाही तो बरोबर समोर यायचा. इतकी वर्षं कोणाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसातून येताना काका आमच्या दारात थांबले. त्यांची स्वतःची दहावीतली मुलगी पुढच्या रांगेत बसलेली. हातातली बॅगही खाली न ठेवता ते म्हणाले, ‘काय गं दीडफुटे, खुर्चीवर चढून शिकव की!’ आणि स्वतःच खो खो हसत निघून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलं हसली ती थांबेचनात. मंगळवारी मी समीकरण मांडायला लागले की मागून कोणीतरी हळूच ‘खुर्ची, खुर्ची’ करायचं. आठवडा संपायच्या आत दोन आया विचारून गेल्या, ‘मुलं तुझं ऐकत नाहीत म्हणे. दुसरीकडे घालू का गं?’ ज्या बाईला मुलं हसतात तिची शिकवणी किती दिवस टिकते, हे मला कोणी समजावण्याची गरज नव्हती. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त संताप येत होता.

पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा आईने वाट अडवली. ‘खंय चललंस गो? गप ऱ्हव बाय. लोकांच्या तोंडाक कोण लागतला?’

‘टीव्ही बघायला जातेय,’ मी म्हटलं.

माझ्या जागेवर जाऊन बसले. तोच कार्यक्रम सुरू झाला. सूत्रधाराने ‘ए’ म्हणायला तोंड वासलं आणि मी बटण पार खाली फिरवलं. सुटातला जबडा नुसता हलत राहिला. ठेंगणा माणूस बोलायला लागला तेव्हा मी आवाज वाढवला, आणि तो काय बोलतो ते त्या खोलीला पहिल्यांदा ऐकू आलं. आंब्याच्या पेटीबद्दल काहीतरी सांगत होता, चांगलं सांगत होता. सूत्रधार पुन्हा ओरडायला वळला, मी पुन्हा आवाज बंद केला.

‘अगं, बटण बिघडलं काय?’ काका मागून ओरडले.

‘बटण बरं आहे काका. मी बंद केलंय. तो शिवी देतोय. आणि तीच शिवी तुम्ही माझ्या शिकवणीत येऊन मुलांसमोर दिलीत.’

‘सोड ना यार, मस्करी आहे ती,’ मागून एक तरुण म्हणाला.

‘मस्करी आहे ना? मग हसा. आवाजाशिवाय हसून दाखवा.’

कोणी हसलं नाही. काका खुर्चीतून उठले. ‘हे बघ, टीव्ही माझा आहे.’ हेडक्लार्क माणूस, रोज सकाळी मोठ्याने पेपर वाचणारा, आणि एवढ्या भांडणात त्यांना सुचला तो एवढाच मुद्दा. त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली झब्ब्याच्या खिशात टाकली. सिनेमा बुडाला. तो कोणामुळे बुडाला यावर मात्र चाळीचं ताबडतोब एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी नळावर मला उपदेशाच्या घागरीच्या घागरी मिळाल्या. एवढं मनाला लावून घेऊ नये. आपणही त्यांच्यासोबत हसावं, म्हणजे लोक कंटाळतात. माणूस मनाने वाईट नाही गं. माझा त्या मनाशी कधी संबंध आला नव्हता, मला फक्त त्यांची जीभ माहीत होती. आई माझ्या मागे हंडा धरून उभी होती. एवढ्या बायकांमध्ये ती एकटीच गप्प राहिली.

शिकवणीत मी नियम केला. तो शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याने दप्तर उचलायचं. काहींनी उचललं. काकांनी तर मुलीला लगेच काढून स्टेशनजवळच्या मोठ्या क्लासला घातलं. तिथे बाकं होती, पंखे होते आणि चांगले साडेपाच फुटी सर होते. माझ्याकडे थोडी मुलं उरली. घरात भाजीला तेल मोजून पडू लागलं, पण उरलेली मुलं फळ्याकडे बघायची.

सहामाहीत काकांची मुलगी गणितात नापास झाली. त्यानंतर एका संध्याकाळी शिकवणी चालू असतानाच काका दारात आले, मागे ती मान खाली घालून. ‘हिला परत घे गं,’ म्हणाले, ‘तिकडे तिला काही कळत नाही.’ टीव्हीचा विषय नाही, त्या शब्दाचा नाही. जणू काही घडलंच नव्हतं.

मुलीचा यात काही दोष नव्हता. तरी मी उंबऱ्यावर येऊन उभी राहिले. ‘घेते,’ म्हटलं. ‘पण ही मुलं मला बाई म्हणतात. तुम्हीही त्यांच्यासमोर म्हणा. बाई, माझ्या मुलीला शिकवा, असं.’

काका हसले. खोलीत दुसरं कोणी हसलं नाही, तेव्हा थांबले. नको तो शब्द याच दारात किती सहज निघाला होता त्यांच्या तोंडून. आता दोनदा घसा खाकरावा लागला. मग माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते पुटपुटले, ‘बाई, माझ्या मुलीला शिकवा.’

‘बाई इथे आहे,’ मी म्हटलं. ‘खाली बघून म्हणा.’