कुंभारीच्या माळावरचा तंबू

आमच्या अण्णांना तंबूचं वेड लागलं ते एका इंग्रजी मासिकामुळे, आणि त्या मासिकावरचा माझा राग अजून गेलेला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात हायस्कुलात शिक्षक होते. शाळेच्या वाचनालयात विलायतेहून जुनी मासिकं यायची, ती ते घरी आणत आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या माडीवर बसून आम्हाला मराठीत सांगत. त्यातल्या एकात स्कॉटलंडच्या डोंगरात सुट्टी घालवणाऱ्या एका कुटुंबाची हकीकत होती. तंबू ठोकायचा, ओढ्यावर अंघोळ करायची, रोज नवी वाट धरून मैलोन् मैल चालायचं आणि संध्याकाळी शेकोटीशी बसून काय काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं. सोबत फोटो होता. त्यात साहेब, दोन मुलं, एक कुत्रं आणि सर्वांच्या पुढे हातात काठी घेतलेली मडम. मडम पुढे होती हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्या घरात तो फोटो सगळ्यांनी पाहिला आणि तेवढंच कुणाला दिसलं नाही.

एकोणीसशे तीसच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. नाताळच्या सुट्टीत आपणही तंबूत राहायचं असं अण्णांनी ठरवलं. बांधकाम खात्यातल्या ओळखीच्या एका ओव्हरसियरकडून तंबू मागून आणला. कुंभारीच्या पुढे, अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेताला लागून मोठा माळ होता, ती जागा ठरली. बैलगाडीत तंबू, वळकट्या, पिठाचे डबे, तवा, परात, कळशी आणि आम्ही सहा जण. अण्णा, गिरणीच्या कचेरीत कारकून असलेले माझे काका, आई, माझे दोन भाऊ आणि मी.

आईचा उत्साह पाहण्यासारखा होता. लग्न झाल्यापासून ती पेठेतून देवळापर्यंत आणि देवळातून पेठेपर्यंत एवढंच चालत आलेली. तिनं चांभाराकडून नव्या चपला करून घेतल्या. गाडी माळावर उभी राहिली तेव्हा पूर्वेकडे एक बुटकं टेकाड दिसत होतं. गाडीवाला म्हणाला, "त्येच्या पल्याड मोटं तळं हाय, थंडीत पाकरं येत्यात लई." आई माझ्या कानाशी म्हणाली, "तिथं आपण जायचं बरं का." बाकी तिनं त्या सुट्टीकडे काही मागितलं नाही.

पहिली रात्र तंबू उभारण्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, काका आणि दोघे भाऊ हातात काठ्या घेऊन निघाले. आई पदर खोचून उभी राहिली तसे अण्णा म्हणाले, "तू आज राहा. आल्यावर भूक लागेल सगळ्यांना. उद्या नेतो तुला." मी निघाले तर म्हणाले, "तू आईला मदत कर." मग आम्ही दोघींनी काय केलं? विहिरीवरून पाणी आणलं, काटक्या गोळा केल्या, तीन दगडांच्या चुलीवर फुंकणी नसताना तोंडानं फुंकून फुंकून जाळ केला, सहा माणसांच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, शेंगांची चटणी कुटली. पेठेतल्या घरात निदान धूर जायला धाब्यात भोक होतं. इथं वारा फिरेल तिकडे धूर, आणि वारा नेमका आमच्याकडेच फिरे. दुपारी पुरुषमंडळी आली, जेवली, काय काय पाहिलं ते एकमेकांना सांगितलं आणि बाभळीखाली आडवी झाली. खरकटी भांडी आमच्याकडे.

तिसऱ्या दिवशीही तेच. आईनं पहाटेच उठून भाकरी करून ठेवल्या होत्या, म्हणजे आडकाठी राहायला नको. अण्णांनी त्या फडक्यात बांधून घेतल्या आणि म्हणाले, "वा, हे छान केलंस. आज आम्हाला लांबवर जाता येईल." काका म्हणाले, "वहिनी, तंबूपाशी कुणीतरी हवंच की. कुत्री-मांजरी येतात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई चुलीपाशी बसली आणि त्या टेकाडाकडे पाहत राहिली. संध्याकाळी अण्णा तळ्याचं वर्णन करायला लागले तेव्हा मात्र ती उठून विहिरीकडे गेली.

चौथ्या दिवशी मला जाग आली तर आई तंबूत नव्हती. बाहेर, दूर एका कडुनिंबाखाली कांबळ्यावर बसली होती. मी धावत गेले तशी तिनं हात वर केला. "जवळ येऊ नकोस. कावळा शिवला मला."

आताच्या मुलींना हे सांगावं लागेल. महिन्याचे ते तीन दिवस आमच्याकडे बाई कुणाला शिवत नसे, चुलीजवळ जात नसे, पाण्याला हात लावत नसे. मुलांनी विचारलं तर कावळा शिवला म्हणायचं. घरी त्या दिवसांत शेजारच्या बोळातून आत्या येऊन रांधून जायची. चौथ्या दिवशी न्हाऊन आई परत घरात.

पण मी काही दूधखुळी नव्हते. दत्तजयंतीला आई अशीच बाजूला बसली होती. पेठेतल्या सगळ्या बायका दर्शनाला गेल्या आणि हिला जाता आलं नाही म्हणून चुकचुकली होती. त्याला दहा-बारा दिवससुद्धा झाले नव्हते. हे मला ठाऊक होतं, कारण त्या दिवसांत तिचं ताट दुरून सरकवायचं काम माझं. मी म्हणाले, "आई, पण दत्तजयंतीला तर—"

आईनं मला डोळ्यांनीच दटावलं.

अण्णांना काही म्हणजे काही आठवलं नाही. काकांनाही नाही. ज्या घरात महिन्याचे तीन दिवस दुसरीच्या हातचं जेवतात, त्या घरातल्या कर्त्या माणसाला ते तीन दिवस कधी होऊन गेले याचा पत्ता नसावा! विलायतेतली पाखरं, झाडं, ओढे यांची नावं मात्र पाठ. अण्णा नुसते वैतागले. "इथंच यायचं होतं का हे?" असं म्हणाले, जसं काही आईनं पाहुण्याला बोलावलं होतं. कांबळं कुठंवर सरकवायचं, कळशी कुणी हाताळायची, याचा बंदोबस्त मात्र त्यांनी काटेकोर केला. तंबू स्कॉटलंडचा आणि विटाळ शुक्रवार पेठेचा.

मग काका म्हणाले, "पोरगी आहे की. ती करील स्वयंपाक."

मला रडू फुटलं. रागानं फुटलं, आणि खरं सांगायचं तर तो राग आईवर होता. हिनं खोटं बोलून स्वतःची सुटका करून घेतली आणि मला चुलीशी ढकललं, असं मला वाटलं. मी तोंड उघडणार होते. एका वाक्यात तिचं सगळं उघडं पाडणार होते.

तेवढ्यात आई लांबूनच, अगदी गरीब आवाजात म्हणाली, "अहो, उघड्या माळावर मला एकटीला कसं बसवता? सोबतीला बाईमाणूस नको का? तिला माझ्यापाशी राहू द्या. चार हातांवर बसेल ती, शिवणार नाही."

अण्णा परातीकडे गेले. काकांनी बाह्या वर केल्या. दोन्ही भावांना काटक्या वेचायला पिटाळलं गेलं. थोड्या वेळानं चुलीतून जो धूर उठला तो पाहून आई पदर तोंडावर धरून बसली. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"चल," ती म्हणाली.

आम्ही कडुनिंबामागून ओघळीत उतरलो आणि टेकाडाची वाट धरली. ती पुढे, मी चार पावलं मागे, कारण तंबूतून कुणी पाहिलं तर नियम मोडलेला दिसायला नको. आई इतकी भरभर चालू शकते हे मला माहीतच नव्हतं. तरवडाची पिवळी फुलं, वाळलेलं गवत, मध्येच उठून पळणारा ससा. ती प्रत्येक गोष्टीपाशी थांबत होती आणि लगेच पुढे सुटत होती. टेकाडाच्या कडेला एक धनगरीण मेंढरं चारत होती. तिनं विचारलं, "कुटं निगाला, बाई?"

"फिरायला," आई म्हणाली.

"फिराया? काय हरवलंय व्हय?"

"नाही हो. उगीच."

धनगरीण कमरेवर हात ठेवून हसली. "माजा मेलीचा समदा जलम हिंडन्यात गेला, बस म्हनाया कोन न्हाय. अन् तुमी उगीच हिंडताय की!" मग तिनं काठीनं सोपी वाट दाखवली. "हितनं जावा. तिकडनं काटं हायती."

वर पोचलो. खाली तळं पसरलं होतं. पलीकडच्या काठावर करड्या रंगाचे करकोचे दाटीनं उभे होते. मध्येच सगळे एकदम उठत, आकाशात ओरडत फिरत आणि पुन्हा खाली बसत. आई उतरून काठावर गेली, नव्या चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडून बसली. आम्ही किती वेळ होतो कोण जाणे.

परतताना माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. मी खाली बसून कळवळले तशी आई सरळ आली, माझा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. "आई, शिवलीस!" मी ओरडले.

"काही झालेलं नाही मला," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे की." आणि लुगड्याची चिंधी फाडून माझ्या पायाला बांधली.

ती चिंधीच घात करणार होती. संध्याकाळी अण्णांनी पाहिली. "ही कुणी बांधली? आईला शिवलीस तू?"

मी आईकडे पाहिलं. ती कडुनिंबाखाली ताठ बसली होती. खरं सांगितलं असतं तर ती पुढचे दोन दिवस पुन्हा चुलीपाशी गेली असती. मी म्हणाले, "काटा मोडला, म्हणून."

"मग अंघोळ कर. कपड्यांसकट."

मार्गशीर्षाची थंडी, उघडा माळ, विहिरीचं गार पाणी. काकांनी माझ्यावर कळशी ओतली. दात वाजत होते. पाणी किती आरोग्यदायी असतं ते अण्णा मला समजावून सांगत होते. मला तेव्हा कुणाला तरी चावावंसं वाटलं. तरी मी मूग गिळून उभी राहिले. आई तिकडे दोन्ही हातांनी कांबळं घट्ट धरून बसलेली मला दिसत होती.

पुढचे दोन्ही दिवस, पुरुषमंडळी चुलीशी गुंतलेली असताना, आम्ही तळ्यावर गेलो. माझ्या पायामुळे हळू चाललो, एवढंच.

सातव्या दिवशी आई न्हायली आणि चुलीपाशी बसली. तिच्या हातची पहिली भाकरी खाताना अण्णांचे डोळे पाणावले म्हणायला हरकत नाही, तीन दिवस त्यांनी काकांच्या हातची खाल्ली होती. पोट भरलं तसं मनही मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी गाडी यायची होती. ते म्हणाले, "चल, आज तुला टेकाड दाखवून आणतो. बिचारीनं काहीच पाहिलं नाही."

आई उठली. मी मागोमाग गेले, मला कुणी अडवलं नाही. अण्णा वाटभर बोलत होते. ही तरवड, हा निवडुंग, इथं जपून, दम लागला तर सांग. तिला काय दम लागणार! ती मुद्दाम हळू चालत होती आणि "हो का?" म्हणत होती. तिचा तो "हो का" ऐकून माझं पित्त खवळत होतं. टेकाडावर पोचल्यावर अण्णांनी, जसं काही ते तळं त्यांनीच खणलं होतं, असा हात पसरला. "बघ."

"अगं बाई," आई म्हणाली. "केवढं तळं!"

तेवढ्यात खालून हाक आली. धनगरीण मेंढरं वळवत येत होती. "काय बाई, आज मालकबी आलं व्हय उगीच हिंडाया? रोज दोगीच दिसायच्या की!"

अण्णांचा हात तसाच हवेत राहिला. ते आईकडे वळले. "रोज? म्हणजे त्या तीन दिवसांत तू रानभर हिंडत होतीस? तशी? लोकांच्या पाण्यातही पाय घातले असशील! आणि या पोरीला बरोबर घेऊन?"

त्यांना राग आला होता विटाळाचा. आई तळ्यावर गेली याचा नव्हे, तर कशा अवस्थेत गेली याचा. मी आईच्या पुढे होऊन काहीतरी ओरडणार तोच तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला काही झालंच नव्हतं," ती म्हणाली.

अण्णांना ते समजायला वेळ लागला. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "म्हणजे खोटं बोललीस? माझ्याशी?"

"खरं बोलून दोन दिवस पाहिलं होतं की," आई म्हणाली.

अण्णा वळले आणि एकटेच टेकाड उतरायला लागले. अर्ध्यावर थांबून त्यांनी मागे पाहिलं, आता ही खाली येईल म्हणून. आईनं चपला काढून हातात घेतल्या आणि ती पाण्याकडे चालू लागली.