फुकट्यांची व्हॅन

माझी लेक आज शाळेत जाते, ती आमच्या गल्लीत येणाऱ्या व्हॅनवाल्या भाऊंमुळे. गाडी सुरू करण्याआधी दारावर दोनदा थाप मारायची, हॉर्न मात्र वाजवायचा नाही, ही त्यांची सवय. रागावले की हिंदी बोलतात, राग उतरला की आपोआप मराठीवर येतात.

लेकीला खासगी शाळेत सरकारी कोट्यातली जागा मिळाली; फी सरकार भरतं. मी सातवीतच शाळा सोडलेली, माहेर दूर वर्ध्याकडे, इथे मध्य प्रदेशात, बालाघाटात विचारायला आपलं कोणी नाही. म्हणून एका सकाळी ती व्हॅनपाशी अडून बसली, तेव्हा मी तिला आत ढकलू लागले. ही जागा गेली तर पुन्हा कुठली मिळायला?

"मले नाही जायचं! सारे मले फुकटवाली म्हणतात."

भाऊंनी इंजिन बंद केलं आणि आतल्या पोरांकडे वळले. "उतरो सब! जिसके बाप ने ये सड़क बनाई, वही बैठेगा."

पोरं गडबडली. एक जण हळूच म्हणाला, "अंकल, सड़क तो सरकारी है."

"हौ ना? मंग तुम्ही रस्त्यावर फुकटे, हे पोरगी शाळेत फुकटी. अन् मी तं दिवसभराचा फुकट्या! सरका जरा, तिले खिडकी द्या."

पोरं हसली. लेकही डोळे पुसत हसली आणि चढली.

आता रोज "चला फुकट्यांनो" अशीच हाक येते, आणि ती चप्पल घालायच्या आधीच पळते. लेक शिकून स्वतःची गाडी घेईल, तेव्हा भाऊंना पुढच्या सीटवर बसवीन. दारावर दोनदा थाप मी मारीन.